ताटात उरलेला भात

आमच्या घरात अन्न वाया जात नसे, कारण ते आई खायची. भावाने टाकलेला भाकरीचा तुकडा, वडिलांच्या वाटीच्या तळाशी राहिलेलं कालवण, माशाच्या काट्यांच्या भीतीने मी बाजूला सारलेला भात, सगळं एका ताटात गोळा व्हायचं आणि आई भिंतीकडे तोंड करून ते संपवायची. तिचं स्वतःचं असं वाढून घेतलेलं ताट लहानपणी पाहिल्याचं मला आठवत नाही. लग्न होऊन मी पेणहून रोह्याला आले ती शिलाई मशीन आणि ही सवय बरोबर घेऊनच. फरक इतकाच की आई दिवसभर पोह्यांच्या पापडाचं पीठ कुटायची आणि मी मशीनवर बसून असायची. तिच्या अंगी काही लागलं नाही, माझ्या लागलं.

रोह्याजवळच्या वरसेला आमच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, त्याला बावीस वर्षं झाली. निम्म्या रोह्याची मापं माझ्या वहीत आहेत. माझं माप मात्र त्या वहीत कधी लिहिलं नाही. स्वतःचा ब्लाउज मी अंदाजाने बेतायची आणि आतल्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड मार्जिन म्हणून जास्त ठेवायची, म्हणजे वर्षभरात उसवून मोठा करता यायचा. तो मोठा करावा लागणार यात कधी शंका नसायची. गिऱ्हाइकं गमतीने म्हणायची, ताई, तुमच्या एका ब्लाउजात आमचे दोन निघतील. मीही हसायची. हसल्याशिवाय सुटका नव्हती.

एकशे अठरा किलो झाले तेव्हा गुडघे बोलायला लागले होते, साखर तर आधीपासूनच होती. पण मी घाबरले ती वेगळ्याच गोष्टीने. मशीनच्या पायटीला घासून उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती दीड महिना भरेना. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी अंगठा, मग पाऊल, मग मुंबईच्या हॉस्पिटलात गुडघ्याखाली पाय काढायचं ठरलं. कागदावर सही आईने केली. तिला सहीच तेवढी येते, तीही अक्षरं जोडून जोडून. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वडील गेले. डॉक्टरांनी समजावलं, भावाने समजावलं, पण आईच्या डोक्यात एकच बसलं: मी सही केली आणि माणूस गेला. त्यानंतर घरात कुणी ऑपरेशन हा शब्द काढला की ती उठून परसात जायची.

म्हणून सर्जनने जेव्हा मला वजनाच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं, तेव्हा माझा पहिला विचार पोटाचा नव्हता, आईचा होता.

त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. एवढा भाग कापून बाहेर काढायचा, उरेल ती केळ्याएवढी नळी, तिला शिवण. पेन्सिलची रेघ अगदी आमच्या खडूच्या रेघेसारखी होती. मी विचारलं, "आत मार्जिन किती ठेवणार?" ते हसले. मी गंमत केली नव्हती. ते म्हणाले, "नाही ठेवत. हे पुन्हा उसवता येत नाही, तेव्हा नीट विचार करून या." मी विचार केला तो सगळा अंगठ्याकडे बघत केला.

माझ्या नवऱ्याला मी सांगितलं, आईला कळू द्यायचं नाही. तो कंपनीत शिफ्टला जाणारा, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बरी झालीस की सांगू." आमची मुलगी पुण्याला शिकायला आहे. आईला फोन केला की मी आठवडाभर तिच्याकडे चालले आहे. आई म्हणाली, "जा गो, पोरीला लाडू घेऊन जा." मी लाडू केले. खोटं बोलायचं तर ते नीट बोलावं म्हणून केले, आणि हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी कुरियरने पाठवले. मी तेव्हा दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर होते. लाडू वळताना बोट चाटायचं नाही हे मला किती जड गेलं, ते लिहायलाही लाज वाटते.

गणपती गेल्यावर पनवेलच्या पुढच्या एका हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं. त्यातलं फारसं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदा दुखत होता. पोटात भरलेली हवा तिकडे चढते, असं नर्सने सांगितलं. संध्याकाळी मला उठवून चालायला लावलं. पोटावर पाच लहान पट्ट्या होत्या. दुसऱ्या दिवशी औषधाच्या टोपणाएवढ्या कपात पाणी दिलं आणि सांगितलं की हे पंधरा मिनिटं पुरवा. मी आयुष्यात तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायलेली बाई. त्या टोपणातल्या दुसऱ्या घोटाला माझं पोट भरलं. पाण्याने भरलं. मला रडू आलं, कारण तोवर कापलं म्हणजे नक्की काय केलं ते मला कळलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी घरी निघालो. नवऱ्याने मित्राची गाडी आणली होती आणि मी पोटाशी उशी धरून मागे बसले होते. खड्डा आला की उशी दाबायची, असं शिकवलेलं. आमच्या त्या महामार्गावर उशी सोडायला वेळच मिळत नव्हता. पेण जवळ आलं आणि फोन वाजला. आई होती.

"कुठं हायस?"

"निघालो पुण्याहून."

"बरा हाय ना सगळा? पोर जेवते ना नीट?"

"हो."

"येता येता इकडं उतर. बिरडं केलाय."

गाडीच्या काचेतून मला आमच्या आळीकडे वळणारा रस्ता दिसत होता. तिथून घर पाच मिनिटांवर. मी सांगितलं, आम्ही दुसऱ्या रस्त्याने जातोय, पेण लागणार नाही. शस्त्रक्रियेतलं सगळ्यात दुखणारं काय, असं कुणी विचारलं तर मी त्या वळणाचं नाव घेईन.

पुढचे महिने चमच्याने मोजले. आधी पाणी, मग डाळीचं वरचं पाणी, ताक, मग मिक्सरमधून काढलेलं काहीबाही. अन्न पुरं चावल्याशिवाय गिळायचं नाही, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. एक घास घाईने गेला की छातीत दगड बसायचा आणि मोरीकडे धावावं लागायचं. वजन उतरत होतं, साखर उतरत होती, अंगठ्याची जखम दिवाळीच्या आत भरली. त्या जखमेवर नवी गुलाबी कातडी आलेली पाहिली तेव्हा मी देवाला हात जोडले. पण केसही गळत होते, कंगव्यात गुंतेच्या गुंते निघायचे. चेहरा ओघळला. आरशात मी बारीक दिसत नव्हते, आजारी दिसत होते. आणि एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. सगळ्यांची जेवणं झाली की टोपात उरलेला भात बघून मला रिकामं वाटायचं. भूक नसायची. जे काम माझं होतं ते आता कुणाचंच नव्हतं. नवरा तो गुपचूप गाईला घालायचा.

भाऊबीजेला मात्र पेणला जाणं टळणार नव्हतं. आईला मी फोनवर सांगून ठेवलं होतं की ॲसिडिटी झालीय, डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय. मला दारात बघून तिने तोंडावर हात नेला, मग खाली घेतला, आणि ताट वाढलं. भाताची मूद, वरण, तूप, बिरडं, तांदळाची खीर. मी चार घास घेतले. पाचवा आईच्या नजरेच्या धाकाने घेतला आणि तो अडकला. परसात जाऊन मी ओकले. मागे वळून पाहिलं तर आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने विचारलं, "किती दिवस चाललाय हा?" मी म्हटलं, "पित्त गं." तिने तांब्या माझ्या हातात दिला. मला वाटलं, पटलं तिला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तेही नव्हतं. मी निर्धास्त रोह्याला परतले.

होळीच्या आधी पापडांचा हंगाम जोरात असतो. भाऊ बाहेर कामाला, म्हणून वहिनी आणि आई दोघीच ऑर्डरी उरकतात. मी दोन दिवस मदतीला गेले. तोवर चौतीस किलो उतरले होते आणि मी पुन्हा मांडी घालून बसू शकत होते, याचा मला फार आनंद होता. पोह्यांचं पीठ मळून झालं. खार-मीठ बघायला लाटीचा पहिला तुकडा नेहमी आईच तोंडात टाकते. गेली चाळीस वर्षं तिच्या जिभेवर तो धंदा चाललाय. त्या दिवशी तिने तुकडा मोडला आणि वहिनीपुढे धरला.

"मीठ बघ गो."

वहिनीने चाखून मान हलवली. मी आईला विचारलं, तू का नाही बघत? म्हणाली, जीभ म्हातारी झाली. मी ते सोडून दिलं.

दुपारी तिचा ब्लाउज बेतायचा म्हणून मी टेप घेतला. आईचं माप मला तोंडपाठ आहे. तरी सवयीने छातीभोवती टेप फिरवला आणि आकडा बघून पुन्हा फिरवला. गणपतीत शिवलेल्या ब्लाउजापेक्षा दोन इंच कमी. दंड धरला तर बोटांत मावला. माणसं मापाबद्दल हजार गोष्टी सांगतात, पोट आत ओढतात, श्वास धरतात, पण टेपला फसवता येत नाही. आई पासष्टीच्या पुढची आहे, पण दरसाल तेच माप असणारी बाई आहे ती.

मी वहिनीला परसात गाठलं. ती गोधडीवर पापड पसरत होती. आधी म्हणाली, ताई, मला विचारू नका, मला शपथ घातलीय. मग तिचेच डोळे भरले.

"भाऊबीजेपासून आईंनी तांदूळ सोडलाय. भात नाय, भाकरी नाय, पोह्याची लाटीसुद्धा नाय. देवीला बोलल्यात. लेक माज्यासमोर ताटभर जेवून ताट रिकामा करील, तवाच दाणा तोंडात घालीन. त्यांना वाटतंय तुम्हाला वाईट रोग झालाय आणि तुम्ही लपवताय."

आमच्याकडे तांदूळ सोडायचा म्हणजे उरतं काय? सकाळची भाकरी तांदळाची, दुपारी भात, रात्री भात, पाहुणा आला तर पोहे. ती चार महिने नाचणीच्या भाकरीवर होती. आणि जे घडावं म्हणून तिने तांदूळ सोडला ते कधीच घडणार नव्हतं. ताटभर जेवणारं पोट माझ्यात राहिलंच नव्हतं. मी हे असंच झाकून ठेवलं असतं तर ती मरेपर्यंत नाचणी खात राहिली असती आणि मी बारीक झाल्याचं कौतुक करून घेत हिंडले असते. मला स्वतःची किळस आली.

मी आत गेले. आई पोळपाटावर वाकली होती.

"आई, मला रोग नाही झालेला."

"नाय तर नाय."

"मी ऑपरेशन केलंय. पोटाचं. वजनासाठी."

लाटणं थांबलं. मी पदर बाजूला केला. तिने पिठाचं बोट एकेका खुणेवर ठेवलं, पाचही. पोटावर पांढरे ठिपके उठले.

"कवा?"

"गणपती गेल्यावर."

"पुण्याला गेलीस तवा?"

"पुण्याला गेलेच नव्हते."

तिने बोट पदराला पुसलं. मग तिने विचारलं, "सही कोनी केली?"

"मी. आणि ह्यांनी."

"म्हंजे माजी लागली नाय." तिने पुन्हा लाटणं उचललं, पण पापड लाटला नाही. "तू सांगितला असतास तर मी घाबरले असते. आठ दिवस घाबरले असते. न सांगता तू मला चार महिने तुज्या मर्तिकाला बसवलीस. रोज सकाळी फोन वाजला की मला वाटायचा, गेली."

मी तिचे पाय धरले. म्हटलं, आता भात खा, मी ताटभर कधीच जेवू शकणार नाही, ते पोटच आता नाही. ती म्हणाली, "नवस मी तुला इचारून केला नव्हता. तू तरी मला इचारून पोट कुठं कापलास?" त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी एस.टी.त बसले तेव्हा फलाटावर वहिनी एकटीच सोडायला आली होती.

बारा दिवस आईचा फोन आला नाही. मी करायची, वहिनी उचलायची. अजून नाचणीच? नाचणीच, ताई. नवरा म्हणाला, होईल शांत. मी ब्लाउज शिवत राहिले आणि एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या.

तेराव्या दिवशी रविवार होता. दुपारी बाराच्या सुमाराला आई दारात उभी. एकटी एस.टी.ने आलेली, काखेत पिशवी. पिशवीत पेणहून आणलेले तांदूळ आणि घरून सोलून आणलेले मोडाचे वाल. तिने मला मशीनवरून उठू दिलं नाही. स्वयंपाकघरात गेली, कुठे काय आहे हे विचारलंही नाही, आणि तासाभरात भात आणि बिरडं झालं. मग माझं ताट वाढलं. भाऊबीजेला वाढलं होतं तेवढंच, मूदही तेवढीच.

"आई, एवढं नाही जाणार."

"जाईल तेवढा जेव. मी बघतेय."

ती समोर बसली. मी चहाचा चमचा घेतला. एक घास, पंधरा-वीस वेळा चावायचा, गिळायचा, थांबायचं. ती खरोखर बघत होती. माझा चेहरा नाही, घास बघत होती. मधेच विचारलं, "पानी?"

"अर्धा तास नाही."

"दुखतंय?"

"नाही. गच्च होतं नुसतं."

आठवा घास गेला आणि माझ्या नाकाला पाणी आलं. मी चमचा ठेवला, पदराने नाक पुसलं.

"रडतेस कशाला?"

"रडत नाही. पोट भरलं की मला असंच होतं. डॉक्टर म्हणाले, होतं काहींना."

"भरला?"

"भरलं."

"माज्यासाठी बोलू नको. खरा सांग."

"खरंच भरलं, आई."

मूद एका बाजूने जराशी कोरली गेली होती, बाकी तशीच होती. तिने थोडा वेळ त्या ताटाकडे बघितलं. मग हात लांब करून ताट स्वतःकडे ओढलं, माझाच चमचा बाजूला काढून ठेवला आणि बिरडं भातात कालवलं. पहिला घास तिने डोळे मिटून खाल्ला. ती भिंतीकडे वळली नव्हती, माझ्यासमोर बसून जेवत होती, भराभर, भुकेल्या माणसासारखी. शेवटी बोटाने ताटातलं शीत न् शीत टिपलं आणि ताट मला दाखवलं.

"रिकामा झाला ना? मग झाला. देवीला मी सांगन काय ते."

तिला ठसका लागला. मला अजून अर्धा तास पाणी चालणार नव्हतं. मी उठून तिच्यासाठी तांब्या भरून आणला.